बाबांनी उतरवलेलं घर

आमचं घर होड्यांचं होतं. म्हणजे उभं जमिनीवरच होतं, पण त्यात एकही फळी अशी नव्हती जी आधी समुद्रात जाऊन आली नव्हती. बाबा होड्या दुरुस्त करणारे सुतार. किहीमच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांचे वडीलही तेच काम करत. गावात नव्या होड्या बांधणं कमी झालं तसे बाबा मुंबईला गेले आणि खाडीकाठी जिथे जुन्या बोटी ओढून ठेवत तिथे कामाला लागले. मोडीत निघालेल्या होडीच्या चांगल्या फळ्या मालक कधीमधी मजुरीबरोबर देत असे. त्या जमवून बाबांनी खाडीच्या बांधालगत घर उभं केलं आणि मग गावाहून आईला आणलं. मी आणि माझी धाकटी बहीण सुमन त्याच घरात जन्मलो. एक भिंत निळी, एक लाल, दारावरच्या फळ्या हिरव्या, जसा ज्या होडीचा रंग असेल तसा. माझ्या अंथरुणाच्या वर एक फळी होती, तिच्यावर कुठल्या तरी होडीचं अर्धंच नाव राहिलं होतं, ‘क्ष्मी प्रसा’. शाळेत बाकीच्या मुली ‘अ’पासून शिकल्या, मी ‘क्ष’पासून शिकले.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे माझं लिहिणं दाखवण्यासारखं नाही. पण त्या घराबद्दल बोलणारं आता कोणी उरलेलं नाही. सुमनला ते आठवत नाही. ती तेव्हा मांडीवरची होती.

घराच्या फटींत बाबांनी होडीसारखाच कापूस आणि राळ ठासली होती. पाऊस कितीही झोडपू दे, आत थेंब येत नसे. वस्तीतली इतर घरं पत्र्याची, प्लास्टिकची, गोणपाटाची. पावसात त्यांच्याकडची लहान पोरं आमच्याकडे झोपायला येत. उधाण असलं की पाणी बांधापर्यंत चढून खालच्या दगडांवर चपचप आपटायचं, आणि आई म्हणायची, “झोपा ग बायांनो, होडी चालली.” दिवसभर पलीकडून हातोड्यांचे आवाज येत. किती तरी सुतार तिथे काम करत, पण बाबांचा हातोडा मला वेगळा ओळखू यायचा. दोन ठोके जोरात आणि मग एक हलका, खिळा नीट बसला का ते विचारल्यासारखा.

आई सुकी मासळी विकायची. मामी गावाला जवळा, बोंबील सुकवून लाँचने पाठवायची, आणि आई ती टोपलीत घालून चाळींतून फिरायची. संध्याकाळी आली की उरलेला मूठभर जवळा तव्यावर कांद्यावर परतायची, तांदळाची भाकरी थापायची. कैऱ्यांच्या दिवसांत बोंबलाच्या कालवणात कैरीची फोड असे. ती फोड कोणाला मिळणार यावरून मी रुसत असे आणि बाबा आपली फोड गुपचूप माझ्या ताटात सरकवत. शेजारी हंसामावशी राहायची. काठेवाडकडची, नवरा हमाल, ती पापड लाटायची. मासळीच्या वासाने नाकाला पदर लावूनच आमच्या दारात यायची, पण आल्याशिवाय राहायची नाही.

“वैनी, तुझ्या जवळ्याचा वास आता माझ्या देवघरातल्या ठाकुरजीला पण ओळखीचा झाला ने,” ती म्हणायची.

“मंग त्यालाच इचार, भाकर वाढू का,” आई म्हणायची.

“वाढशील तर तो पण पलून जाईल!”

दोघी हसत. आईला एवढं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

मी चौथीत गेले त्या वर्षी बोलणं सुरू झालं की खाडीच्या काठाने मोठा रस्ता होणार. बाहेरदेशचे पाहुणे यायचे असतात, शहर चांगलं दिसलं पाहिजे, असं लोक सांगत. वस्ती उठणार हे नक्की होतं. ज्याला त्याला बिल्ला मिळणार, आणि बिल्ला असेल त्याला लांब कुठेतरी इमारतीत खोली मिळणार, हेही सगळे सांगत. पण बिल्ला कसा, कधी, कोणाच्या हातून, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे आधी, कोणी म्हणे नंतर. साहेब लोक आले, चुन्याच्या रेघा मारून गेले. कुठल्या खात्याचे ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला इमारत म्हटल्यावर जिना आठवे. जिन्यावर बसून अभ्यास करायचा असं मी ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे जुनी होडी मोडायची झाली तर तिला परक्याचा हात आधी लागू देत नाहीत. मालक स्वतः नारळ फोडतो, पहिला खिळा स्वतः उपसतो, मग बाकीचे. जिने इतकी वर्षं पोसलं तिच्यावर दुसऱ्याने कुऱ्हाड टाकायची आणि आपण बघत राहायचं, ही आमच्यात मोठी लाजेची गोष्ट. बाबांच्या अंगात ते पुरतं मुरलं होतं. रेघा मारून गेले त्या दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, “आपन घर उतरवून ठेवू.”

“उतरवून?” आई म्हणाली. “सगली थांबलीत, आपन पन थांबू की.”

“त्यांच्या पहारी बघितल्यास? एक घाव मारतील आनि फली उभी चिरेल. सागाची फली हाय ती. उतरवून ठेवली तर खोलीत माल्याला व्हईल, कपाट व्हईल.”

“आनि त्यांनी इचारलं घर कुठं हाय म्हनून?”

“सांगीन, हे काय, हितंच हाय. आपलं घर आपन उतरवलं तर त्यांचेच कष्ट वाचले. खूश व्हतील.”

आईने त्यांना आणखी भाकरी वाढली. तिलाही ते पटलं असावं. आजही मला त्यात काही वेडेपणा दिसत नाही. आपलं आपण आवरून ठेवलं, कोणाला त्रास दिला नाही, तर समोरचा माणूस बरं म्हणतो, हे आम्ही गावात शिकलो होतो.

बाबांनी नारळ फोडला. पहिला खिळा उपसला आणि कपाळाला लावला. मग एकेक फळी अशी सोडवली की एकीचाही कोपरा उडाला नाही. वाकडे झालेले खिळे मी दगडावर ठेवून सरळ करायची आणि डब्यात टाकायची. सगळी वस्ती बघायला जमली.

“काय सुतार, घराला गावाला घेऊन चालला काय?” एकाने विचारलं.

“तिकीट अर्धं काढ रे, घर लहान हाय!” दुसरा म्हणाला.

बाबा हसत होते. हंसामावशी मात्र पापडाचं पीठ हाताला तसंच घेऊन आली आणि म्हणाली, “भाई, राहू दे ने. त्यांना तोडायचं ते तोडू दे. सरकारला तोडायला आवडते, त्याला कशाला आडवा येतो?” बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत भिंती, दार, छपराचे वासे, सगळं एकावर एक नीट रचून झालं. ती रात्र आम्ही रचलेल्या घराशेजारी ताडपत्री घालून काढली.

तोडायला आले ते सकाळी, शाळेच्या वेळेला. गाड्या, पोलीस, पहारी घेतलेली माणसं, आणि दूर एक टेबल. त्या दिवशीचा आवाज मला सांगता येणार नाही. पत्रा फाडताना होतो तो एक आवाज, आणि त्याच्याखाली भांड्यांचा. घर पडलं की त्या घरच्या माणसाला टेबलाकडे बोलावत आणि त्याच्या हातात बिल्ला देत. रडत रडत माणसं हात पुढे करत होती. हंसामावशीचं पत्र्याचं घर एका धक्क्यात बसलं. तिने बिल्ला घेतला, पदराच्या गाठीत बांधला आणि तिथेच मातीत बसली.

आमच्याकडे आले तेव्हा चष्म्याचा एक साहेब होता. त्याने मोकळ्या जागेकडे बघितलं.

“इथे काय होतं?”

“घर, साहेब,” बाबा म्हणाले. “हे काय. उतरवून ठेवलंय.”

“हे लाकूड आहे.”

“व्हय साहेब, लाकडाचंच घर.”

“अहो, मोडलेलं घर लिहायचं असतं. इथे मोडायला काय आहे?”

“मीच मोडलंय ना साहेब. तुमची मानसं दमली असती.”

साहेब चिडला नाही. तो खरंच अडचणीत पडल्यासारखा दिसत होता. “तुम्ही मोडलेलं मी कसं लिहू?” असं म्हणून तो पुढच्या घराकडे गेला, आणि पहारीवाले त्याच्यामागून गेले. बाबा टेबलापर्यंत गेले, तिथून कोणीतरी त्यांना बाजूला सारलं. बिल्ले संपले आणि टेबल गाडीत घातलं.

ज्यांना बिल्ले मिळाले त्यांचंही फार बरं झालं असं नाही. हंसामावशी पुढे एकदा आमच्या गावी आली होती. कारखान्यांच्या धुराजवळची इमारत, वर पाणी चढत नाही, पापड घेणाऱ्या बायका राहिल्या दुसऱ्या टोकाला. तिच्या इमारतीतले कितीक जण खोली विकून पुन्हा कुठल्या कुठल्या पुलाखाली जाऊन राहिले, असं ती सांगत होती. आई सगळं ऐकून म्हणाली, “पन आतून कडी घालता येते ना तुला?” हंसामावशी म्हणाली, “ते येते.”

वस्ती उठली आणि आम्ही रचलेल्या फळ्यांशेजारी ताडपत्रीखाली राहिलो. आईची टोपली चालू होती, बाबांचं काम सुटलं, कारण ते रोज साहेबाच्या कचेरीत जाऊन बसायचे. मी शाळेत जायची. बाईंनी विचारलं, कुठे राहतेस आता? मी म्हटलं, तिथेच. बाई म्हणाल्या, तिथे तर काही नाही. मी खाली बघत राहिले. मला तेव्हाही चार माणसांत बोलता येत नसे, आणि आता तर अजिबात येत नाही.

एकदा बाबा मला कचेरीत घेऊन गेले. मला वाचता येतं म्हणून, आणि पोरीकडे बघून कोणाला दया येईल म्हणूनही असेल. लाकडी बाकावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. मग तोच चष्म्याचा साहेब बाहेर आला.

“तुम्ही पुन्हा आलात? अहो, तुमचं घर होतं याला काहीतरी आधार पाहिजे ना!”

बाबा उठून उभे राहिले. “साहेब, मी परत उभं करून दावतो. तसंच्या तसं. तुम्ही मानसं पाठवा आनि मोडा. मंग तरी लिवाल?”

शिपाई फिसकन हसला. साहेबालाही हसू आलं. “करा उभं,” तो म्हणाला आणि आत निघून गेला. थट्टेने म्हणाला की कटकट टळावी म्हणून, देव जाणे. बाबांनी ते शब्द पदरात घेतल्यासारखे घेतले. परत येताना ते इतके भराभर चालत होते की मला पळावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत त्यांनी पहिला खांब रोवला. सरळ केलेले खिळे मी डब्यातून काढून देत होते. प्रत्येक फळी आपली जागा ओळखत होती. आजूबाजूला सपाट केलेलं नुसतं रान, त्यात रस्त्याची खडी आणून ओतलेली, आणि मधोमध आमचं निळं-लाल घर. आईने आत फळीवर भांडी मांडली. देवाचा फोटो लावला. बाबा म्हणाले, “मांड नीट. राहतं घर दिसलं पायजे.” रात्र त्याच घरात काढली आणि सकाळपासून आम्ही वाट बघायला लागलो. घर मोडायला कधी येतात म्हणून अशी वाट बघणारी माणसं जगात आम्हीच असू. आईने माझ्या डोक्याला तेल लावून वेण्या घातल्या, सुमनला काजळ घातलं. भात शिजवायचा की नाही यावरूनही बोलणं झालं. चूल पेटती दिसली तर बरं, असं बाबांचं म्हणणं. पण तांदूळ ओतायच्या आधीच गाडी आली.

या वेळी माणसं थोडीच होती, आणि पुढे दात असलेलं यंत्र होतं. चष्म्याचा साहेब नव्हता. दुसराच, तरुण. बाबांनी हात जोडून त्याला रामराम केला, दारात नारळ फोडला आणि बाजूला होऊन म्हणाले, “या साहेब. मोडा.”

यंत्राच्या वरचा माणूस खाली वाकून मुकादमाला म्हणाला, “याला काय झालं रे? पूजा घालतोय आपली!”

“घाल म्हणावं,” मुकादम म्हणाला. “आरती पण म्हण.”

आईने भांडीसुद्धा बाहेर काढली नव्हती. बाबांनी काढू दिली नव्हती. यंत्राने एका बाजूने तोंड घातलं आणि उचललं. बाबांनी जोडलेलं घर सहज सुटलं नाही. आधी सगळं एकत्र वर उचललं गेलं, मग आवाज झाला. फळ्या उभ्या चिरल्या, जसं त्यांनी आईला सांगितलं होतं तशाच. निळी भिंत, लाल भिंत, सगळी वाकडी होऊन एकमेकीत शिरली. बाबा ताठ उभे होते. एकदाही डोळे मिटले नाहीत. यंत्र मागे सरकल्यावर त्यांनी सदरा नीट केला आणि साहेबासमोर जाऊन हात पुढे केला.

“काय?” साहेब म्हणाला.

“बिल्ला.”

“कसला बिल्ला? मोजणी कधीच संपली. ही नवी झोपडी होती. साफ केलेल्या जागेवर परत बांधली म्हणून खरं तर तुलाच आत टाकायला पाहिजे.”

“मोठे साहेब म्हनले, उभं कर म्हनून.”

“कोण मोठे साहेब? लिहून दिलंय?”

माझी आई परक्या पुरुषाशी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी ती पुढे झाली. “साहेब, जुनंच घर हाय ते. बघा, रंग बघा. माजी पोर ह्या घरात जल्मली. नवं लाकूड असं दिसतं का?” तिने चिरलेल्या फळीचा तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. साहेब एक पाऊल मागे गेला. तिच्या हातात लाकूड होतं म्हणून तो घाबरला. मुकादमाने आईचा हात धरून ते काढून घेतलं. “बाई, ऐक,” तो हळू म्हणाला, “आज शुक्रवार हाय. निघा हितून. सोमवारी खडी दाबायचं यंत्र येईल, त्याला थांबता येत नाय.” तो वाईट माणूस नव्हता. त्याचं बोलणं आमच्यासारखंच होतं, आमच्या गावाकडचं.

गाडी गेली. दुपार झाली होती. सुमन भुकेने रडायला लागली. आईने ढिगाऱ्यातून पातेलं शोधून काढलं, चेपलं होतं पण गळत नव्हतं, आणि तीन दगड मांडले. जळण कुठून आणायचं म्हणून ती इकडेतिकडे बघत होती. तेव्हा बाबा उठले. तासणी घेतली, आणि चिरलेल्या फळ्यांतली एक पुढ्यात ओढून तिच्या ढलप्या काढायला लागले. एकसारख्या, बोटाएवढ्या. राळेमुळे त्या भसकन पेटल्या. निळा रंग जळताना कडू वास येत होता. आई म्हणाली, “बस, पुरे झालं.” ते थांबले नाहीत. दुसरी फळी घेतली, तिसरी घेतली. भात शिजून उतरला तरी ते ढलप्या काढत होते, आणि चूल उगाचच ढणढणत होती. आम्ही भात खाल्ला. बाबांना आईने हाताने घास भरवला, कारण ते तासणी खाली ठेवत नव्हते.

रविवारी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. माझी शाळा तिथेच संपली. मामाच्या पडवीत राहिलो, पडवीतच मोठे झालो. बाबांनी पुढे कितीतरी वर्षं लोकांच्या होड्या दुरुस्त केल्या, बंगल्यांची दारं-खिडक्या केल्या. आमच्यासाठी चार भिंती उभ्या करा असं आई सुरुवातीला म्हणायची. मामाने जागाही देऊ केली होती. बाबा नाही म्हणत नसत. हो म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या कामाला जात. नंतर नंतर आईने म्हणणं सोडलं. दोघंही त्या पडवीतूनच गेली.

आता इथे मुंबईच्या लोकांचे बंगले खूप झालेत. नारळाच्या वाड्या गेल्या, कुंपणं आली. मी त्यांतल्या एका बंगल्यावर झाडलोट, कपडे बघते. बाई चांगल्या आहेत, स्वतःच्या हाताने चहा देतात. मागच्या खेपेला आल्या तेव्हा व्हरांड्यात बसून मला सांगत होत्या की खाडीकाठचा तो रस्ता आहे म्हणून त्यांना धक्क्यावर पोचायला किती सोपं जातं. दोन्ही बाजूंना फुलझाडं लावलीत म्हणाल्या, बाकडी ठेवलीत, संध्याकाळी लोक फिरायला येतात. “पूर्वी तिथे काही नव्हतं ग,” त्या म्हणाल्या, “नुसता चिखल.” मी चादर पिळत होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हटलं, “व्हय.”